पोलादावरील पुरावा

संग्राहकाच्या कपाटातील लष्करी खंजिराला बहुधा एखादी थरारक हकीकत चिकटलेली असते. तो अमुक मोहिमेत चालला, तमुक वीराच्या कमरेला होता, असे विक्रेता सांगतो. परंतु हकीकत रचणे सोपे, पोलादावरील खुणा रचणे त्या मानाने कठीण. म्हणून जाणता संग्राहक प्रथम पाते पाहतो, कथा मागाहून ऐकतो.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश कमांडोंचा ‘फेअरबर्न-साइक्स’ खंजीर या दृष्टीने मोठा बोलका आहे. विल्यम फेअरबर्न व एरिक साइक्स हे दोघे शांघायच्या पोलीस दलाच्या अनुभवात तयार झालेले. १९४० साली मायदेशी परतल्यावर त्यांनी विल्किन्सन सोर्ड या तलवारी घडविणाऱ्या प्रसिद्ध पेढीकडून एक अरुंद, दुधारी, भोसकण्याजोगा खंजीर करवून घेतला. १९४१ च्या आरंभी त्याचे उत्पादन सुरू झाले.

त्या पहिल्या घाटाची मुठीखालची आडपट्टी नागमोडी असे. पात्याच्या बुडाशी सपाट चौकोनी जागा राखून तिच्या एका अंगाला पेढीचे नाव आणि दुसऱ्या अंगाला ‘द एफ-एस फायटिंग नाइफ’ ही अक्षरे अम्लाने कोरलेली असत. पितळी मुठीवर बारीक चौकड्यांची नक्षी होती. १९४२ मध्ये दुसरा घाट आला. त्यात आडपट्टी सरळ झाली व बुडाची सपाट जागा गेली. १९४३ मधील तिसऱ्या घाटाची मूठ ओतीव धातूची, कड्याकड्यांची झाली.

या बदलांचा अर्थ काय? पट्टी वाकविण्याचे श्रम वाचले, पाते घासण्याचे वाचले, मुठीवरील कातकामही वाचले. मागणी वाढत होती आणि वेळ अपुरा पडत होता. कारागिराची ऐट एकेक पायरी उतरत गेली, ती युद्धाच्या निकडीने. ही निकड या खंजिराच्या अंगावर वाचता येते.

मोलाची उतरंडही याच क्रमाने लागते. पहिला घाट दुर्मिळ, म्हणून महाग. तिसरा विपुल, म्हणून स्वस्त. मात्र तिसऱ्या घाटाचे खंजीर युद्धानंतरही होत राहिले. तेव्हा आडपट्टीवर ‘इंग्लंड’ असा ठसा दिसला, तर तो बहुधा युद्धोत्तर व्यापारी माल समजावा. पाते साधारण सात इंचांहून बरेच आखूड भरले, तर मोडलेले टोक पुन्हा घासले असावे, अशी शंका घ्यावी. नाजूक टोक मोडणे हा या खंजिराचा ठाऊक दोष होता. मूळचे म्यान सोबत असेल, तर मोल वाढते.

सर्वांत मोठी हानी मात्र हौसेच्या हातून होते. जुनी वस्तू चकचकीत करण्याच्या नादात पुष्कळजण पाते घासून काढतात. कोरलेली अक्षरे व बारीक ठसे त्यात पुसट होतात. जो पुरावा वस्तूला वस्तूपण देतो, तोच घालवून बसतात. एकदा घासलेली खूण पुन्हा उमटत नाही.

आपल्याकडेही त्या युद्धातून परतलेल्या शिपायांच्या घरी एखादी संगीन वा कुकरी जुन्या ट्रंकेत सापडते. ती हाती आल्यास प्रथम तेलाचा पातळ हात फिरवावा, ठसे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत व पॉलिशची डबी दूर ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांची आठवण वेगळ्या कागदावर टिपून ठेवावी. आठवण आणि पुरावा दोन्ही मोलाचे आहेत. परंतु दोहोंची सरमिसळ झाली, की इतिहासाला दोन्हींचा उपयोग उरत नाही.