झोपडी, कुत्रा आणि अंधार

माझ्या लहानपणी रावेरकडे यात्रेतल्या तंबूत सिनेमा पाहून परतणारा माणूस म्हणे, 'गोष्ट झकास होती.' फार तर म्हणे, 'गाणी झकास होती.' 'उजेड झकास पाडला होता' असे म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. त्यात त्याची काही चूक नाही. पण डोळ्यांत पाणी आले ते पुष्कळदा त्या उजेडामुळेच.

१९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. ते मूळचे चित्रकार. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, आणि सोबत्यांच्या मदतीने कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच घडवला. गोष्ट आपल्या ओळखीची: शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहराची वाट धरतो. शेतकऱ्याचे काम तरुण शांतारामांनी केले होते.

या चित्रपटातले एक दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या जाणत्याला पुढे कित्येक वर्षे आठवत होते. दुरून घेतलेली एक उदास झोपडी. भोवती अंधार दाटलेला, आणि त्यात उठून दिसणारा एक रडणारा कुत्रा. बस्स, एवढेच. मूकपटच तो, आवाज येणार कोठून? तरी पाहणाऱ्याच्या कानांत तो घुमला असणार. कुत्रे रडू लागले की आपल्याकडची म्हातारी माणसे काय म्हणतात, ते तुम्हांला मी कशाला सांगू! कर्जाचा आकडा मग सांगावाच लागत नाही.

उजेडाचे झाले, तसेच जोडणीचेही आहे. त्याच दशकात रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच चेहरा कधी सूपच्या थाळीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता! चित्रांचे तुकडे असे जोडण्यालाच संकलन म्हणतात.

पुढे बोलपट आले आणि जो तो वाजवू-गाऊ लागला. अशा वेळी, १९३७ साली, 'सावकारी पाश'मधला तो शेतकरी, म्हणजे शांताराम, प्रभातसाठी 'कुंकू' दिग्दर्शित करायला बसले. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेल्या कोवळ्या नीरेची ती कथा. पार्श्वसंगीत त्यांनी मुळी ठेवलेच नाही. घरातले, रस्त्यावरचे साधे आवाज तेवढे ठेवले. भिंतीवरचे घड्याळ पुन्हा पुन्हा समोर येते, आणि नवऱ्याचे वय कोणी बोलून दाखवण्याची गरज उरत नाही. फुटक्या आरशात म्हातारा स्वतःकडे पाहतो, तर तुकड्यातुकड्यांतून त्याचाच चेहरा त्याच्याकडे पाहतो. छायालेखक होते व्ही. अवधूत. आमच्या प्राध्यापकी व्याख्यानांपेक्षा त्या आरशाने बाला-जरठ विवाहाविरुद्ध अधिक काम केले असावे, असे मला तरी वाटते.

शिक्षकमित्रांनी 'कुंकू' मुलांना जरूर दाखवावा, आणि पाचएक मिनिटे आवाज बंद करून पाहायला लावावा. 'सावकारी पाश' मात्र तसा दाखवता येणार नाही. पेंटरांनी १९३६ साली त्याचा बोलपट पुन्हा काढला. पण मूळ मूकपट आज हाती नाही. तो कुत्रा आता पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणीतच रडतो आहे.