चेस्टरफिल्डचा पिळवटलेला कळस

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये चेस्टरफिल्ड नावाचं जुनं बाजारपेठेचं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा कळस नीट सरळ वर जातच नाही. पीळ घातलेल्या सुंभासारखा वळत वळत चढतो. उंची २२८ फूट, पीळ ४५ अंशांचा आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट ढळलेलं. आगगाडीतून तो दिसला की नवखा माणूस आधी स्वतःचे डोळे चोळतो.

चर्चची इमारत बरीचशी चौदाव्या शतकातली. कळस चढला १३६२ च्या सुमारास, म्हणजे प्लेगच्या महासाथीला जेमतेम दीड दशक उलटलं असताना. त्या साथीत जाणते कारागीर गेले आणि उरलेल्यांनी कसंबसं काम उरकलं, असं सांगतात. शक्य आहे. ओल्या लाकडावरही खापर फुटतं, पण ते मला निम्मंच पटतं. वाळलेल्या ओकला पटाशी लागत नाही, म्हणून त्या काळचे सुतार सर्रास ओला ओकच घडवत. इंग्लंडमधली कितीतरी जुनी छपरं तशाच लाकडाची आहेत आणि अजून ताठ उभी आहेत. ओलं लाकूड वाळताना आकसणार, मुरडणार, हे सुतार धरूनच चालत. त्याला जागच्या जागी जखडायला तिरपे आधार लागतात. चेस्टरफिल्डला घोडं अडलं ते तिथे. सांगाड्यात असे आधार पुरेसे नव्हते.

त्यात डोक्यावर शिसं. कळसावर सुमारे ३३ टन शिशाचे पत्रे आहेत आणि मूळ सांगाडा एवढ्या ओझ्यासाठी बांधलाच नव्हता, असं मानतात. शिवाय उन्हाने दक्षिणेकडचं शिसं अधिक तापतं, प्रसरण पावतं. उत्तरेकडचं तेवढं नाही. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालू. पत्रे तिरप्या पट्ट्यांनी असे बसवलेत की दोन बाजूंच्या पट्ट्या मध्ये कोनात भेटतात. त्यामुळे अष्टकोनी कळसाची एकेक बाजू दुभंगल्यासारखी दिसते आणि पीळ आहे त्याहून जास्त वाटतो. डोळ्यांची ही फसवणूक मला सगळ्या कारस्थानातली सर्वांत मजेदार गोष्ट वाटते.

गावाला अर्थात सुतारकामाच्या चर्चेत रस नव्हता. त्यांनी सैतानाला गाठलं. जवळच्या बोल्सोव्हरच्या लोहाराने त्याच्या खुराला नाल ठोकताना खिळा मांसात घुसवला. सैतान कळवळत उडाला आणि चेस्टरफिल्डवरून जाताना त्याची लाथ कळसाला बसली. दुसरी कथा जास्त खट्याळ: एकदा एक कुमारिका वधू लग्नाला आली, तेव्हा कळस आश्चर्याने वळून बघू लागला. पुन्हा अशी वधू आली तर तो सरळ होईल म्हणे. ही कथा शेजारच्या गावांनी रचली असावी, असा माझा संशय आहे.

१९६१ च्या २२ डिसेंबरला मात्र थट्टा संपायची वेळ आली होती. चर्चच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. अठराव्या शतकात योहान स्नेट्झलरने बांधलेला ऑर्गन जळाला. आग कळसापर्यंत पोचण्याआधी विझवली गेली. वितळतं शिसं आणि सहाशे वर्षं वाळलेला ओक, दोन्ही वरच होते.

आता मनोऱ्यावर चढून कळसाच्या तळाशी जाता येतं. सांगाड्यात डोकावून पाहिलं तर मुरडलेले वासे दिसतात. आणि गावच्या फुटबॉल संघाला लोक स्पायराइट्स म्हणतात, म्हणजे कळसवाले.