आकाशातला वाटाड्या

शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास आणि भूगोल शिकवला. इतिहासाच्या पुस्तकात तह आणि लढाया, भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश आणि रेखांश. ही दोन पुस्तके एकमेकांना क्वचितच भेटतात. आज अशा एका जागेविषयी लिहायचे आहे जिथे ती भेटतात, आणि ती जागा म्हणजे (हसू नका) मिकी माऊसचे गाव! अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. २००८ साली, निवृत्तीनंतर लगेच, आम्ही दोघे मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्याने आम्हाला तिथे नेले. तिथल्या रस्त्यांवर आम्हाला फिरवले ते गाडीच्या काचेला चिकटवलेल्या जीपीएसच्या एका डबीने. ते गाव आणि ती डबी, दोघांचाही इतिहास मला तिथल्या पाळण्यांपेक्षा जास्त रंजक वाटला. असो.

आधी गावाविषयी.

वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथे डिस्नेलँड काढले. बाग तुफान चालली, पण जागा अपुरी. बघता बघता कुंपणाबाहेर मोटेलांची आणि झगमगत्या पाट्यांची दाटी झाली. गर्दी डिस्नेने जमवायची आणि धंदा शेजाऱ्यांनी करायचा! आपल्याकडच्या क्षेत्रांच्या गावी राहिलेल्यांना हे चित्र नवे नाही. डिस्नेने धडा घेतला, की पुढच्या वेळी जमीन इतकी घ्यायची की आतून बाहेरचे काही दिसताच कामा नये.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्याने विमानातून मध्य फ्लोरिडाची पाहणी केली. ऑर्लँडोजवळ दोन मोठे हमरस्ते एकमेकांना मिळतात, ती जागा त्याच्या मनात भरली. परतीच्या वाटेवर विमान न्यू ऑर्लिन्सला उतरले तेव्हा केनेडींच्या हत्येची बातमी कळली. तारीख लक्षात राहते ती त्यामुळे.

जमीन कसली, दलदल होती. सायप्रसची झाडे, गुरांची कुरणे आणि डास. ती विकत घेतली गेली टोपणनावांनी. 'टॉमाहॉक प्रॉपर्टीज', 'रीडी क्रीक रँच', 'बे लेक प्रॉपर्टीज', 'आयफोर कॉर्पोरेशन' अशा कंपन्या निघाल्या. (शेवटचे नाव म्हणजे शेजारून जाणाऱ्या आय-४ या हमरस्त्यावर केलेली कोटी.) खरेदीदार कोण, हे विकणाऱ्यांना माहीत नव्हते. शंभरेक किलोमीटर पूर्वेला केप कॅनाव्हरलचे अग्निबाण तळ असल्यामुळे विमाने किंवा अवकाशयाने बनवणारी एखादी कंपनी असेल, असा लोकांचा तर्क. सुमारे २७ हजार एकर जमीन पन्नास लाख डॉलरांच्या आसपास पदरात पडली, म्हणजे एकराला दोनशे डॉलरांच्या आतबाहेर. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राच्या एमिली बवार या पत्रकार बाईंनी खुद्द डिस्नेला थेट विचारले. तो दचकला, नाही म्हणाला, पण नकार देता देता फ्लोरिडाच्या हवामानाविषयी इतके काही बोलून गेला की बाईंनी ओळखले. वर्तमानपत्राने बातमी दिली आणि उरलेल्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले. त्या बाईंचे मला फार कौतुक वाटते. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा वाचायचा असतो, हे परीक्षा घेणाऱ्या कोणत्याही मास्तराला ठाऊक असते.

२७ हजार एकर म्हणजे किती? सुमारे १०९ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे अख्खे मुंबई बेट सुमारे ६८ चौरस किलोमीटर भरते. म्हणजे दीड मुंबई बेट, आणि मालक एक.

वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारला; त्याने काही हे गाव पाहिले नाही. पण १९६७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या जमिनीसाठी 'रीडी क्रीक' नावाचे खास मंडळ स्थापन केले. रस्ते बांधणे, पाण्याचा निचरा, अग्निशमन, बांधकामाचे नियम, सारे या मंडळाकडे. मनात आणले असते तर अणुवीज केंद्र उभारण्याचाही अधिकार त्याला होता. आमच्या वर्गात बसलेल्यांना इथे १७६५ची दिवाणी आठवेल. तुलना ताणायची नाही, कारण इथे करदाता मुख्यतः मालकच होता. पण एका कंपनीच्या हाती सरकारचे काम देणे, हा प्रकार इतिहासाला अनोळखी नाही. (राजकीय वादातून २०२३ मध्ये राज्याने या मंडळाचे नाव बदलले आणि त्यावरची माणसे नेमण्याचा अधिकार राज्यपालांकडे घेतला.) १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम ही पहिली बाग उघडली. पुढे १९८२, १९८९ आणि १९९८ मध्ये आणखी तीन आल्या.

आता डबीविषयी.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोन तरुण त्याची 'बीप बीप' ऐकत बसले. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी आणि दूर जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी वेगळी ऐकू येते ना? त्याच तत्त्वावर त्यांनी जमिनीवर बसून उपग्रहाची कक्षा शोधून काढली. त्यांच्या वरिष्ठाने, फ्रँक मॅक्लूरने, गणित उलटे केले: उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? त्यातून अमेरिकी नौदलाची 'ट्रान्झिट' योजना निघाली. समुद्रातल्या पाणबुड्यांना आपण नेमके कुठे आहोत हे कळल्याशिवाय अण्वस्त्रे नेम धरून डागता येत नव्हती, ही त्यामागची खरी गरज. १९७३ मध्ये जीपीएसचा आराखडा ठरला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला उपग्रह वर गेला.

तत्त्व सोपे आहे. वीज चमकली की आपण आकडे मोजतो आणि गडगडाट किती सेकंदांनी आला त्यावरून वीज किती दूर पडली ते ठरवतो. इथे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतो. तो संकेत खाली पोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा ठरते. डबीतले घड्याळ स्वस्तातले असल्यामुळे त्याची चूक काढायला चौथा लागतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी जमिनीवर ३०० मीटरांचा फरक पडतो. आणि गंमत म्हणजे आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळे रोज असे ३८ भाग पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरांची चूक साठेल. मॅजिक किंगडमपासून अ‍ॅनिमल किंगडम सरळ रेषेत सातेक किलोमीटर. म्हणजे आइन्स्टाइनला विसरले तर दुसऱ्या दिवशी गाडी गावाबाहेरच्या कुरणात!

१ सप्टेंबर १९८३ रोजी घडलेली गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगतो. न्यू यॉर्कहून अलास्कामार्गे सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे जंबो विमान वाट चुकले. अँकरेजहून उडाल्यावर स्वयंचलित यंत्रणा ठरलेल्या मार्गाला जोडलीच गेली नाही, होकायंत्राच्या एकाच दिशेला धरून राहिली, असा निष्कर्ष पुढे १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने काढला. सुरुवातीला फरक थोडा होता, तो तासागणिक वाढत शेकडो किलोमीटरांचा झाला. विमान कामचाटकावरून आणि मग साखालिन बेटावरून गेले. तो सोव्हिएत लष्कराचा अत्यंत नाजूक मुलूख. लढाऊ विमानाने क्षेपणास्त्रे सोडली आणि विमानातली २६९ माणसे गेली. आपण चुकीच्या जागी आहोत, हे विमानातल्या कोणाला शेवटपर्यंत कळले होते असे दिसत नाही. वर्गात मुले विचारायची, 'सर, अक्षांश-रेखांश शिकून उपयोग काय?' तेव्हा मी ही हकीकत सांगत असे. मग वर्ग थोडा वेळ गप्प होई.

१६ सप्टेंबरला रेगन सरकारने जाहीर केले, की जीपीएस पूर्ण झाल्यावर ती साऱ्या जगाच्या नागरी विमानांना मोफत खुली राहील. या अपघातामुळेच जीपीएस सामान्यांना मिळाली, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे. नागरी संकेत मूळ आराखड्यातच होता. अपघाताने त्याला राष्ट्राध्यक्षांचा जाहीर शब्द मिळाला. आणि तोही पुरता नव्हे! १९९० पासून लष्कराने नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळायला सुरुवात केली. सामान्य माणसाला शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसायचे. अचूक संकेत कुलूपबंद. शंभर मीटर म्हणजे तुम्ही पुलावर आहात की पुलाखालच्या रस्त्यावर, हेही कळायचे नाही. १ मे २००० च्या मध्यरात्री क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ बंद झाली. एका रात्रीत जगभरच्या डब्या शहाण्या झाल्या. दोनच दिवसांनी ओरेगन राज्यात एकाने रानात एक बादली लपवली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि अशा लपवलेल्या वस्तू शोधण्याचा नवा खेळ सुरू झाला!

पण ज्याने कुलूप काढले तो ते पुन्हा लावू शकतो, ही शंका जगाच्या मनातून गेली नाही. रशियाने ग्लोनास केले, युरोपने गॅलिलिओ, चीनने बेइदो. आपल्या 'नाविक' मालिकेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये आणि सातवा एप्रिल २०१६ मध्ये सुटला. कारगिलच्या अनुभवाचा उल्लेख त्या संदर्भात आपल्याकडे हटकून होतो.

तर अशी ही डबी घेऊन आम्ही त्या गावात शिरलो. आमच्या सौ. तिला 'बाई' म्हणत. 'अहो, बाई काय म्हणतेय बघा, उजवीकडे वळ म्हणतेय.' बाईंनी आम्हाला कमानीपर्यंत बिनचूक आणले. आत मात्र रस्त्यांवर जांभळ्या रंगाच्या पाट्या लागल्या. या पाट्या बाहेरच्या सरकारी हिरव्या पाट्यांसारख्या नाहीत, या गावाच्या स्वतःच्या. मुलगा म्हणाला, 'बाबा, आता बाईंपेक्षा पाट्या बघत जाऊ.' आणि मग मोठी गंमत. वाहनतळावर गाडी लागली तेव्हा समोर एक तळे होते. बाग आणि तिचा तो १८९ फुटी किल्ला पलीकडच्या काठाला, मैलभर दूर. उपग्रहांना दिसो वा न दिसो, तिथे खासगी मोटार जातच नाही. एक तर बोट, नाही तर मोनोरेल. हे तळेही नैसर्गिक नव्हे. ते खोदले, आणि निघालेल्या मातीने बागेची जमीन सुमारे १४ फूट उचलली. पाहुणे चालतात तो खरे तर वरचा मजला; खाली नोकरांच्या वावरासाठी बोगदे आहेत. अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. घरची गाडी, रस्ता, बाहेरचे जग हे सारे मागे टाकून पाणी ओलांडून यायचे. एकदा आत आले की नकाशाची फारशी गरज पडत नाही, कारण जिकडे नेायचे तिकडे काहीतरी उंच आणि सुंदर उभे केलेले असते. डिस्ने अशा वस्तूला 'वीनी' म्हणे, म्हणजे कुत्र्याला चालवत न्यायला पुढे धरलेला सॉसेजचा तुकडा. शब्द त्याचा, माझा नव्हे!

डबीचा खरा उपयोग झाला तो रात्री. हजारो गाड्या, सगळ्या सारख्या. सकाळी उतरताना मुलाने गाडीची जागा डबीत नोंदवून ठेवली होती. सहा वर्षांची नात माझ्या खांद्यावर झोपलेली, मुलगा पुढे डबी हातात धरून, त्याच्या मागे आम्ही, असे अंधारात निघालो. आठ-दहा मीटरांच्या आत तिने आम्हाला आणून सोडले. तीन-चार गाड्या इकडे-तिकडे, एवढेच.

त्या डबीचा एक गुण तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. ती फक्त ऐकत असे. उपग्रह बोलायचे, ती गणित करायची, आणि आम्ही कुठे आहोत हे आम्हा पाच जणांखेरीज कोणालाही कळत नसे. उपग्रहालासुद्धा नाही. २०१३ पासून डिस्ने वर्ल्डने पाहुण्यांच्या मनगटांवर 'मॅजिक बँड' नावाचे पट्टे बांधायला सुरुवात केली. खोलीचे दार त्यानेच उघडायचे, पैसे त्यानेच द्यायचे. त्या पट्ट्यात दुरून वाचता येईल असा छोटा रेडिओही होता. म्हणजे दिशा उलटली: पाहुणा कुठे आहे हे गावाला कळू लागले. आता तर पट्ट्याचीही गरज नाही, खिशातला फोन आहेच. तो उपग्रहांचे ऐकतो आणि ऐकलेले पुढे सांगतोही.

नात आता तेवीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात फोनवर हे सगळे तिला समजावून सांगितले, पाणबुड्यांपासून मनगटाच्या पट्ट्यापर्यंत. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, 'आजोबा, त्या विमानाचं मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. नंबर काय म्हणालात त्याचा?'