घटनादुरुस्ती, भारतीय

भारताच्या संविधानात बदल करण्यासाठी संविधानानेच अनुच्छेद ३६८ मध्ये घालून दिलेली पद्धत, तसेच त्या पद्धतीने झालेला बदल. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान पूर्णपणे अमलात आले तेव्हा त्यात ३९५ अनुच्छेद व ८ अनुसूची होत्या. २०२३ अखेर १०६ घटनादुरुस्त्या झाल्या.

मूळ संहितेवर तिच्या काळाची छाप ठळक आहे. नागरिकत्वाचे अनुच्छेद फाळणीच्या धगीत लिहिले गेले. पाकिस्तानातून आलेल्या माणसासाठी १९ जुलै १९४८ ही तारीखच अनुच्छेद ६ मध्ये आहे : तिच्या आधी येऊन येथे राहिलेल्याला वेगळी नोंदणी लागत नव्हती, नंतर आलेल्याला लागत होती. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ शतकांच्या अन्यायाला दिलेले उत्तर होता, तर अनुच्छेद २९१ मधील संस्थानिकांच्या तनख्यांची हमी ही विलीनीकरणाच्या वेळी झालेल्या सौद्याची पावती होती. कारभाराचा बराचसा सांगाडा १९३५ च्या ब्रिटिश कायद्यातून आला. त्यावरील टीकेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात उत्तर दिले. घटनात्मक नीती लोकांच्या अजून अंगवळणी पडलेली नसताना कारभाराचा तपशील कायदेमंडळावर सोडणे धोक्याचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा तपशील आत आल्यामुळेच पुढे किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींसाठीही दुरुस्ती करावी लागली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६२ करायला १९६३ ची १५ वी दुरुस्ती लागली. दुरुस्त्यांच्या नुसत्या संख्येवरून संविधानाची पारख करू नये, ती यासाठी.

दुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकारवाटप अशा विषयांत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. राज्यांच्या सीमा मात्र साध्या बहुमताच्या कायद्याने बदलतात आणि अनुच्छेद ४ नुसार त्या बदलाला घटनादुरुस्ती म्हणत नाहीत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अशाच कायद्याने अस्तित्वात आली. ज्यासाठी रस्त्यावर रक्त सांडले, त्याला संसदेत विशेष बहुमताची गरज नव्हती.

पहिली दुरुस्ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी, १९५१ मध्ये, हंगामी संसदेने केली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावरील मद्रासची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. त्यानंतर भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे वाढली, मात्र निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही आली. जमीनसुधारणांचे कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी नववी अनुसूची त्याच दुरुस्तीतली.

संसदेला किती बदल करता येतो, हा वाद दोन दशके चालला. मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, असे गोलकनाथ खटल्यात (१९६७) सहा विरुद्ध पाच मतांनी ठरले. केशवानंद भारती खटल्यात (२४ एप्रिल १९७३) तेरा न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल मोडला, पण संविधानाची मूलभूत चौकट बदलता येणार नाही अशी नवी मर्यादा सात विरुद्ध सहा मतांनी घातली. आणीबाणीतील ४२ व्या दुरुस्तीचे (१९७६) काही भाग ४३ व्या व ४४ व्या दुरुस्तीने, तर काही न्यायालयाने काढून टाकले. उद्देशिकेत घातलेले ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द मात्र राहिले.

गंमत अशी, की मुदतीच्या म्हणून लिहिलेल्या तरतुदी टिकल्या आणि कायमच्या वाटणाऱ्या गेल्या. इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत १९६३ च्या राजभाषा कायद्याने निरर्थक झाली. लोकसभा व विधानसभांतील अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा अनुच्छेद ३३४ नुसार दहा वर्षांसाठी होत्या. दर दशकाला त्या वाक्यातला आकडाच तेवढा बदलत गेला : दहाचे वीस, विसाचे तीस, असे करत १०४ व्या दुरुस्तीने ऐंशी. अँग्लो-इंडियनांच्या नामनियुक्त जागांची मुदत मात्र त्या वेळी वाढली नाही. उलट तनख्यांची हमी २६ व्या दुरुस्तीने (१९७१) संपली, आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) साधा कायदेशीर हक्क बनला.

दुरुस्तीचा अर्थ न्यायालयात अनपेक्षित निघाला, तर दुसरी दुरुस्ती लागते. मराठा आरक्षणावरील ५ मे २०२१ च्या निकालात, १०२ व्या दुरुस्तीमुळे मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला, असा अर्थ बहुमताने लावला गेला. त्याच वर्षी १०५ व्या दुरुस्तीने तो राज्यांना परत दिला. काही बदल एकही अक्षर न बदलता होतात : २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, तो आहे त्याच मजकुरातून.

लोकसभा व विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी दुरुस्ती (२०२३) पुन्हा मुदतीचीच आहे. तिने घातलेल्या अनुच्छेद ३३४-क प्रमाणे या जागा पुढील जनगणनेनंतरच्या मतदारसंघ-पुनर्रचनेनंतर राखीव होतील. मुदत पंधरा वर्षांची असून ती वाढवण्याचा अधिकार संसदेकडे आहे.