फेल्ट हॅटच्या आतली चिठ्ठी

१. भगतसिंगांचे ते छायाचित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. किंचित तिरकी हॅट, कोरलेली मिशी आणि थेट आपल्याकडे रोखलेली नजर. एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्यापूर्वी अवघे काही दिवस, ते दिल्लीत काढण्यात आले. या छायाचित्रातील चेहऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा त्या चेहऱ्यावरील वस्तूविषयी आहे.

२. या प्रकारची हॅट भगतसिंगांच्या डोक्यावर त्याआधीही एकदा आली होती. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्सचा वध झाला. पोलीस एका शीख तरुणाच्या शोधात होते. काही दिवसांतच लाहोर स्थानकावरून एक साहेबी थाटाचा गृहस्थ, त्याची ‘पत्नी’, कडेवर मूल आणि सोबत एक नोकर असे कुटुंब आगगाडीत बसून निघून गेले. पत्नीच्या भूमिकेत दुर्गादेवी व्होरा ऊर्फ दुर्गाभाभी होत्या. नोकराच्या वेषात आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू होते. ओव्हरकोट आणि हॅट यांनी त्या दिवशी ढालीचे काम केले.

३. ती ढाल ठरली याचे कारण आपल्या इतिहासातच सापडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात युरोपीय व्यापाऱ्यांसाठी ‘टोपीकर’ हा शब्द येतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस ही राष्ट्रे निरनिराळी, परंतु मराठी नजरेला त्यांची एकच सामाईक खूण दिसली, ती म्हणजे डोक्यावरची टोपी. पगडी-पागोट्यांच्या देशात हॅट घालणारा माणूस सत्तेच्या बाजूचा मानला जाई. भगतसिंगांनी नेमका याच समजुतीचा उपयोग करून घेतला.

४. आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. फेल्ट म्हणजे नमदा. हे कापड विणलेले नसते. त्यात ताणा नाही, बाणा नाही. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि केसांचा एकजीव थर तयार होतो. मेंढीच्या लोकरीचाही नमदा होतो; पण हलका, चिवट आणि पाण्याला दाद न देणारा उत्तम नमदा बीव्हर या पाणथळ प्रदेशातील प्राण्याच्या आतल्या मऊ लवीचा होई.

५. सतराव्या शतकापर्यंत युरोपातील बीव्हर जवळजवळ संपुष्टात आले, म्हणून व्यापाऱ्यांनी उत्तर अमेरिकेकडे मोर्चा वळवला. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचा व्यापार प्रामुख्याने याच कातड्यांवर उभा होता. विशेष म्हणजे तेथील मूलनिवासी लोकांनी दोन-तीन हिवाळे अंगावर वापरलेल्या बीव्हरच्या झग्यांना अधिक भाव मिळे. अंगाच्या घर्षणाने वरचे राठ केस झडून गेलेले असत आणि नमद्यासाठी हवी असलेली लव आयतीच मोकळी झालेली असे. लंडनच्या सभ्य गृहस्थाची हॅट अशी कुणाच्या तरी अंगावरच्या पांघरुणातून घडत होती.

६. हॅटमागे साम्राज्याचे अर्थकारणही होते. कातडी अमेरिकेतील वसाहतींतच मिळत असल्याने तेथील कारागीर स्वतःच हॅट बनवू लागले. लंडनच्या हॅटवाल्यांनी तक्रार केली आणि १७३२ मध्ये ब्रिटिश संसदेने ‘हॅट अ‍ॅक्ट’ संमत केला. वसाहतींनी हॅट निर्यात करू नयेत, सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कुणी हा धंदा करू नये, एका कारागिराने दोनपेक्षा अधिक उमेदवार ठेवू नयेत अशी बंधने घालण्यात आली. कृष्णवर्णीयांना तर या धंद्यात कामच देऊ नये, असेही कलम होते. कच्चा माल वसाहतीचा आणि नफा मायदेशाचा, हे सूत्र भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

७. बीव्हर महागला तेव्हा कारागीर सशाच्या केसांकडे वळले. हे केस सहजासहजी एकमेकांत गुंतत नाहीत. त्यावर उपाय सापडला तो पाऱ्याचा. पारा नायट्रिक आम्लात विरघळवून तो द्राव कातड्यावर चोळला की केसांचे खवले उभे राहत. वाळताना केसांची टोके नारिंगी होत, म्हणून इंग्रजीत या क्रियेला गाजरावरून ‘कॅरटिंग’ असे नाव पडले. नाव गमतीचे आहे, परिणाम मात्र भीषण होता.

८. पुढे हेच केस पिंजले जात, गरम पाण्यात आटवले जात, लाकडी ठोकळ्यावर वाफ देऊन बसवले जात. प्रत्येक पायरीवर पाऱ्याची धूळ किंवा वाफ कामगाराच्या श्वासात जाई. १८६० मध्ये जे. अ‍ॅडिसन फ्रीमन या डॉक्टरांनी न्यू जर्सीतील हॅट-कामगारांच्या या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हातांना कंप, हिरड्यांची सूज, दात सैल होणे ही शारीरिक लक्षणे होती. त्याहून क्लेशदायक होता स्वभावातील बदल. माणूस विलक्षण भित्रा आणि चिडचिडा होई; कुणी आपल्याकडे पाहत आहे एवढ्याने त्याचे काम थांबे.

९. येथे एक लोकप्रिय समज तपासून घेऊ. लुईस कॅरोलच्या १८६५ मधील ‘अ‍ॅलिस’मधला विक्षिप्त टोपीवाला हा पाराबाधित कामगाराचे चित्र आहे, असे वारंवार सांगितले जाते. परंतु पाऱ्याने बाधित झालेला मनुष्य संकोची होतो, लोकांपासून तोंड लपवतो. कॅरोलचा टोपीवाला तर चहाच्या टेबलावर अखंड बडबडतो. शिवाय, हॅटवाल्यांच्या वेडाविषयीचा इंग्रजी वाक्प्रचार या पुस्तकापूर्वीच रूढ होता. आजार खरा होता. पुस्तकातील पात्राशी त्याचा संबंध मात्र सिद्ध झालेला नाही.

१०. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातले डॅनबरी हे हॅटचे शहर. तेथील कामगारांच्या थरथरत्या हातांना शहराचेच नाव मिळाले होते, ‘डॅनबरी शेक्स’. याच कामगारांच्या संघटनेने एक साधी युक्ती काढली. संघटनेला मान्यता देणाऱ्या कारखान्यातील प्रत्येक हॅटमध्ये, चामड्याच्या आतल्या पट्टीखाली, एक छोटीशी चिठ्ठी शिवायची. खऱ्या चिठ्ठीच्या चारही कडांना टपाल तिकिटासारखी भोके असत. ज्या हॅटमध्ये चिठ्ठी नाही, ती कामगारवर्गाने विकत घेऊ नये, असा त्याचा अर्थ.

११. डॅनबरीतील कारखानदार डिट्रिच लोवी यांनी संघटनेला मान्यता नाकारली. १९०२ मध्ये संप झाला आणि त्यांच्या हॅटवर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. लोवींनी संघटनेच्या दोनशेहून अधिक सभासदांवर वैयक्तिक दावा लावला आणि त्यांची घरे व बँकेतील बचत जप्त करवून ठेवली. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली येतो, असा निर्णय दिला. १९१५ मध्ये सभासदांची वैयक्तिक जबाबदारीही कायम केली. नुकसानभरपाईची रक्कम सुमारे अडीच लाख डॉलर होती. बड्या भांडवलदारांच्या मक्तेदारीला आवर घालण्यासाठी केलेला कायदा प्रथम आपल्या घरादारावर येईल, अशी कल्पना त्या कामगारांनी केली नसेल. त्यांची घरे वाचावीत म्हणून देशभरातील कामगारांना एका तासाची मजुरी देण्याचे आवाहन झाले.

१२. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मजुरीसाठी, मान्यतेसाठी एवढा लढा झाला, पण पारा कारखान्यांतून हटला नाही. तो अमेरिकेत हटला डिसेंबर १९४१ मध्ये. फ्रीमन यांच्या लेखानंतर एक्क्याऐंशी वर्षांनी. त्यामागेही केवळ करुणा नव्हती. महायुद्धाच्या तयारीत डेटोनेटरसाठी पारा हवा होता. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून केस तयार करता येतात, हे तेव्हा सर्वांच्या सोयीचे ठरले.

१३. दरम्यान हॅटचा सुवर्णकाळ येऊन गेला. १८४९ मध्ये लंडनमध्ये शिकाररक्षकांसाठी बनलेली कडक ‘बोलर’ शहरी कारकुनाची खूण झाली. ‘फेडोरा’ हे नाव सार्दू यांच्या १८८२ मधील नाटकावरून आले. त्यातील नायिका साकारली होती सारा बर्नहार्ट यांनी. म्हणजे पुरुषत्वाचे प्रतीक मानल्या गेलेल्या हॅटचे नाव मुळात एका स्त्रीचे आहे. इटलीतील अलेस्सांद्रिया येथे १८५७ मध्ये सुरू झालेली बोर्सालिनो आणि फिलाडेल्फियात १८६५ मध्ये सुरू झालेली स्टेट्सन ही नावे जगभर पोहोचली.

१४. हॅट संपली कशी? जॉन केनेडी यांनी शपथविधीला हॅट घातली नाही म्हणून, हे उत्तर आपण वाचले असेल. ते चुकीचे आहे. २० जानेवारी १९६१ रोजी केनेडी उंच रेशमी हॅट घेऊन आले होते. भाषणाच्या वेळी ती फक्त डोक्यावर नव्हती. हॅटची पीछेहाट त्याआधीच सुरू झाली होती. मोटारीच्या बुटक्या छपराखाली हॅट अडचणीची होते, आणि दारोदार मोटार आल्यावर ऊन-पावसात चालणेही कमी झाले.

१५. आज या जुन्या हॅट जमवणारे आणि आवडीने घालणारे लोक जगभर आहेत. त्यांची पहिली कृती ठरलेली असते. ते हॅट उलटी करतात आणि चामड्याची पट्टी हलकेच उलगडून चिठ्ठी शोधतात. अमेरिकन हॅटचे वय तिच्यावरून कळते, कारण १९३४ मध्ये संघटनेचे विलीनीकरण होऊन चिठ्ठीवरचे नाव बदलले. जुने नाव असेल तर हॅट त्यापूर्वीची. ज्या कागदासाठी कामगारांची घरे जप्त झाली, तो आज कालनिर्णयाचे साधन झाला आहे.

१६. माझ्याकडेही अशी एक करड्या रंगाची हॅट आहे. जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेली, काठाला कसर लागलेली. घरी आणून पट्टी उलगडली तेव्हा भोकांच्या कडांचा तो पिवळा कागद दिसला. तोवर मला तिचा स्पर्श फक्त मऊ वाटत होता. जुन्या नमद्याची सर नव्याला येत नाही, असे संग्राहक हळहळून म्हणतात, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण त्या मऊपणाची किंमत कुणी मोजली, हे कळल्यानंतर तो हात पूर्वीसारखा फिरत नाही.

१७. एक व्यावहारिक सूचना. संग्रहालयांतील जुन्या फेल्ट हॅटच्या तपासणीत पारा आजही आढळला आहे. म्हणून १९४१ पूर्वीची हॅट बंद खोलीत वाफवून आकार देऊ नये, हाताळल्यावर हात धुवावेत, ती लहान मुलांपासून दूर ठेवावी. मी माझी हॅट घालत नाही. ती काचेच्या कपाटात, उलटी ठेवली आहे. चिठ्ठी दिसेल अशी.

१८. भगतसिंगांच्या हॅटमध्ये आत काय होते, ती कुठे घडली, याची नोंद नाही. तरीही ते छायाचित्र पुन्हा पाहताना एवढे लक्षात ठेवू. टोपीकरांची ती खूण घडवणारे हातही टोपीकरांचेच होते, आणि ते हात थरथरत होते. साम्राज्याचा इतिहास लिहिताना सत्ता आणि तिची खूण घडवणारा कामगार यांना एकाच शब्दात गुंडाळण्याचा मोह होतो. वस्तू उलटी करून आत पाहिली, की तो मोह आवरतो.

धागा समाप्त. आपल्या घरात आजोबा-पणजोबांची एखादी हॅट असेल, तर पट्टीखाली काय सापडले ते अवश्य कळवावे.