दत्तामित्री : एका नगरीच्या नांवाचा माग

बीड शहराचें जुनें नांव चंपावतीनगर, व चंपावती ही विक्रमादित्याची बहीण, अशी दंतकथा त्या भागांत सांगतात. गांवाच्या नांवास एखादी राजकन्या जोडण्याची ही रीत जुनी आहे, व तीवर सहसा विसंबूं नये असें आमचें मत आहे. परंतु कधीं कधीं दंतकथेपेक्षां शिलालेखच अधिक विलक्षण निघतो. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गोदावरीच्या कांठानें उगमाकडे गेलें असतां नाशिकजवळ पांडवलेणीं लागतात. त्यांतील १७ व्या लेण्याचा लेख असाच आहे.

लेणें कोरविणारा इंद्राग्निदत्त हा धर्मदेवाचा पुत्र. त्याच्या मुलाचें नांव धर्मरक्षित. नांवांवरून तिघांपैकीं एकासही परका म्हणवणार नाहीं. पण लेखांत इंद्राग्निदत्त हा यवन, उत्तरेकडील व दत्तामित्रीचा राहणारा म्हटला आहे.

ही दत्तामित्री कोणती? पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्तींत, सौवीर म्हणजे खालच्या सिंधुप्रदेशांतील नगरींच्या नांवांचें उदाहरण म्हणून, दत्तामित्रानें वसविलेली ती दात्तामित्री, असें दिलें आहे. हा दत्तामित्र म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभींचा बॅक्ट्रियाचा यवन राजा डेमेट्रियस, असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे. टार्न यांनीं १९३८ च्या ग्रंथांत त्यावर भर दिला; जॉन्स्टन यांनीं पुढच्याच वर्षीं शंका घेतली. शंकेस जागाही आहे, कारण इसिडोर या ग्रीक लेखकानें डेमेट्रियसच्या नांवाचें नगर सांगितलें तें कंदाहारकडे, सिंधूच्या मुखाकडे नव्हे. नगरी कोठली हा वाद राहो. तर्क खरा असेल तर नांवाचें कूळ एकच.

डेमेट्रियस म्हणजे 'डेमेटरचा'. डेमेटर ही ग्रीकांची धान्यदेवता. तिची कन्या पाताळांत नेली गेली तेव्हां तिच्या शोकानें पृथ्वी वांझ झाली, अशी कथा आहे. नांवांतील 'मेटर' हें आपल्या 'मातृ' शब्दाचें सख्खें भावंड. आरंभींच्या 'डे'चा अर्थ कोणी पृथ्वी, कोणी धान्य असा करितात. आपल्याकडे मात्र तें 'मित्र' असें ऐकूं आलें, त्यामागें 'दत्त' बसला, आणि मातेचा मित्र झाला! पुढें वैयाकरणास त्यांत परकें कांहींच दिसलें नाहीं. त्यानें तें सूत्राचें उदाहरण केलें. इंद्राग्निदत्तासही ती देवी ठाऊक असेल असें आम्हांस वाटत नाहीं. लेणें त्यानें आईबापांप्रीत्यर्थ कोरविलें व भिक्षुसंघास दिलें.