केम्प, योहानेस तेओडोरस व्हान डर

(७ मे १७४७ – डिसेंबर १८११). डच वैद्य, मिशनरी आणि दक्षिण आफ्रिकेतील बेथेल्सडॉर्प या मिशनवस्तीचा संस्थापक. जन्म रॉटरडॅम येथे. लायडन विद्यापीठातले शिक्षण अर्धवट टाकून तो सोळा वर्षे घोडदळात राहिला. पुढे एडिंबरोला वैद्यकाची पदवी (१७८२) घेऊन त्याने मिडलबर्ग व डॉर्ड्रेख्ट येथे व्यवसाय केला. १७९१ मध्ये होडी उलटून त्याची पत्नी व मुलगी बुडाल्या, आणि तोवर धर्माला न मानणारा हा माणूस धर्माकडे वळला. १९ डिसेंबर १७९७ रोजी रॉटरडॅमला नेदरलंड्स मिशनरी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. १७९९ मध्ये केपला मात्र तो पोहोचला लंडन मिशनरी सोसायटीचा प्रतिनिधी म्हणून. चरित्रकारांना बुडालेल्या होडीची ओढ फार. त्याचे खरे महत्त्व तिथून फार दूर, केपच्या पूर्व सरहद्दीवरल्या एका ओसाड जागेत आहे. तिथे केपच्या मूळ रहिवासी खोयखोय कुटुंबांना आणि त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या मळ्याबाहेर राहण्याचा कायदेशीर आधार मिळाला. त्याच्या कामाचे मोल बाप्तिस्म्यांच्या आकड्यापेक्षा या आधारावरून करावे लागते.

खोसा राजा न्ग्किका याच्या मुलखातला पहिला प्रयत्न फसल्यावर व्हान डर केम्प व त्याचा इंग्रज सहकारी जेम्स रीड यांनी १८०१ मध्ये ग्राफ-रेनेट येथे खोयखोयांना शिकवायला सुरुवात केली. आपल्या चर्चमध्ये यांना बसवता कसे, म्हणून तिथले गोरे शेतमालक खवळले. १८०३ मध्ये बटाव्हियन (डच) गव्हर्नर यान्सेन्स याने अल्गोआ उपसागराजवळ जमीन दिली आणि बेथेल्सडॉर्प उभे राहिले. जमीन खडकाळ, पाण्याची टंचाई कायमची. शेतीवर पोट भरेना, तेव्हा लोक जवळच्या मिठागरातले मीठ आणि कोरफडीचा वाळवलेला चीक विकत, लाकूड तोडत, बैलगाड्यांनी माल वाहत. मुले शाळेत वाचन शिकत, विणकामही करत. हे सारे कोणत्याही मिशनवस्तीत दिसले असते. बेथेल्सडॉर्पचे वेगळेपण कळते ते तेव्हाच्या कायद्यांवरून. १८०९ च्या जाहीरनाम्याने प्रत्येक खोयखोयाला नोंदलेले कायम ठिकाण आणि फिरण्यासाठी पास सक्तीचा झाला. ठिकाण नसलेल्याला कुणा ना कुणा मालकाकडे राबणे भाग पडे. १८१२ च्या कायद्याने मळ्यावर वाढलेल्या खोयखोय मुलाला आठव्या वर्षापासून दहा वर्षे त्याच मालकाकडे बांधून ठेवता येऊ लागले. मूल अडकले की आईबापही मळा सोडून कुठे जाणार? अशा व्यवस्थेत मिशनच्या जमिनीवरची नोंद हे ‘ठिकाण’ म्हणून चाले. मजूर हातचे जातात ही शेतमालकांची ओरड याच कारणाने होती, आणि ती अगदी खरी होती.

बेथेल्सडॉर्पवरचा सर्वांत जुना आक्षेप जर्मन प्रवासी लिश्टेनश्टाइन याने नोंदवला: पडक्या झोपड्या, आळशी माणसे, कामापेक्षा प्रार्थना जास्त. वर्णन सपशेल खोटे नसावे. पण नापीक जमीन सरकारनेच दिली आणि वस्तीतल्या पुरुषांना सरकारी कामासाठी वेठीला धरले तेही सरकारनेच. मग झोपड्यांची दोरी मिशनऱ्याच्या गळ्यात कशी? दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. अहमदनगरकडच्या दुष्काळातल्या धर्मांतरांबद्दल जे बोलले गेले तेच इथेही: लोक श्रद्धेने आले नाहीत, आसऱ्याला आले. आले असतील. पण ज्याला पासशिवाय गावाबाहेर पडता येत नाही त्याने आसरा शोधला, तर दोष पासची सक्ती करणाऱ्याचा आहे. तिसरा आक्षेप खटल्यांचा. शेतमालकांच्या क्रौर्याबद्दल व्हान डर केम्प व रीड यांनी केलेल्या तक्रारींवर १८१२ मध्ये फिरते न्यायालय बसले. खुनाचे बहुतेक आरोप टिकले नाहीत, मारहाणीचे काही टिकले. वर्षांनुवर्षे जुन्या प्रकरणांत, लेखी पुरावा नसताना, यापेक्षा वेगळे घडणे अवघडच होते. तरीही चाकरांच्या तक्रारीवरून मालकांना कोर्टात उभे राहावे लागले, ही गोष्ट सरहद्दीवरचे शेतमालक विसरले नाहीत. व्हान डर केम्प तो निकाल पाहायला नव्हता. याच तक्रारींच्या संदर्भात केपटाउनला बोलावले गेले असता तिथेच तो मरण पावला.

एका आक्षेपाला मात्र उत्तर देता येत नाही. १८०६ मध्ये त्याने सारा या मादागास्करच्या मुलीशी लग्न केले. तिला त्यानेच गुलामीतून सोडवले होते आणि ती त्याच्याहून कितीतरी लहान होती. तेव्हाच्या गोऱ्या समाजाला तिचा रंग खटकला. आजच्या वाचकाला तिचे वय खटकेल, आणि सोडवणाऱ्यापुढे तिच्या संमतीला कितपत अर्थ होता हा प्रश्नही. वर्णभेदाविरुद्धचे धाडस म्हणून या लग्नाचा गौरव करणारे लेखक दुसरी बाजू झाकतात. भाषेबाबतही तसेच. त्याने खोयखोय भाषेत प्रश्नोत्तरी तयार केली, पण वस्तीचा व्यवहार डचमध्येच स्थिरावला.

उरतो सर्वांत मोठा आरोप: मिशनरी म्हणजे साम्राज्याचे हस्तक. बटाव्हियन सरकारने १८०५ मध्ये याच माणसाला केपटाउनला अडकवून ठेवले आणि इंग्रज सत्ता आल्यावरच तो बेथेल्सडॉर्पला परतू शकला, हे पाहता आरोपात तथ्य आहे. इंग्रज सत्तेचा त्याला फायदा झाला, आणि खोयखोयांची दाद लंडनकडेच मागायची ही सवय बेथेल्सडॉर्पनेच लावली. ती फळलीही: १८२८ च्या ५० क्रमांकाच्या वटहुकमाने पास रद्द झाले आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांना बांधून ठेवणे थांबले. त्यामागच्या मिशनरी जॉन फिलिपच्या मोहिमेत बेथेल्सडॉर्पची गाऱ्हाणी होती. पण हस्तक घडवणारी शाळा आपल्या मुलांकडून जे मिळवते ते इथे मिळाले नाही. खोसा सरदाराचा मुलगा ड्यानी त्शात्शू लहानपणी व्हान डर केम्पकडे वाढला. १८३६ मध्ये बेथेल्सडॉर्पच्याच आंद्रिस स्टोफेल्ससह त्याने लंडनला पार्लमेंटच्या समितीपुढे वसाहतीच्या वागणुकीविरुद्ध साक्ष दिली, आणि १८४६ च्या युद्धात तो इंग्रजांविरुद्ध खोसांच्या बाजूने उतरला.